दोन दिनारांचा हिशेब

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो. दाराशी आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी येऊन थांबली. नवरा लवकर गेलेला, पदरी दोन शिकणारी मुले. एका इस्पितळात बारा वर्षे आयाचे काम केल्यानंतर ती स्वतंत्रपणे घरोघरी जाऊ लागली होती. ज्यांच्यावर आता इलाज उरलेला नाही, डॉक्टरांनी ज्यांना ‘घरी न्या’ असे सांगितले आहे, अशा रुग्णांच्या उशाशी बसण्याचे तिचे काम. तिने विचारले, “फादर, उद्यापासून एका घरी जायचंय. कॅन्सरचे पेशंट आहेत. घर आपल्यातलंच आहे. पैसे किती सांगू?”

आम्ही घाईत होतो. आम्ही म्हणालो, “अगं, मरणाऱ्याच्या घरी भाव कसला करायचा? ते देतील ते घे. उरलेलं देव देईल.”

तिने मान हलवली आणि ती गेली. हे उत्तर देताना आपण काही धर्माचे बोललो, असेच आम्हांला वाटले होते. आज त्या उत्तराची लाज वाटते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची उशिराने केलेली दुरुस्ती आहे.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. एक्केचाळीस रात्री ती त्या घरी राहिली. एके पहाटे रुग्णाने डोळे मिटले. घरात माणसे जमली, परदेशातला मुलगा आला, बँड आला, शवपेटी चांगल्यातली आली. दफनविधीच्या प्रवचनात आम्ही कुटुंबाने केलेल्या सेवेचे मनापासून कौतुक केले. चर्चच्या शेवटच्या बाकावर ती बसली होती. तिचा उल्लेख करावा असे आम्हांला सुचले नाही. दुःखाच्या घरी पैशांचा विषय कोण काढणार? तीही काढेना. महिन्याची मिस्सा झाल्यावर तिच्या हाती एक पाकीट आले. एक्केचाळीस रात्रींवर ती रक्कम वाटली, तर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याच्या रोजापेक्षाही ती कमी भरत होती. हे आम्हांला तिच्याकडून कळले नाही. मुलाच्या फीसाठी तिने पतपेढीतून कर्ज काढले, त्या कर्जाला जामीन राहिलेल्या गृहस्थांकडून कळले.

त्या कुटुंबाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. माणसे भली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला “किती?” असे विचारले होते, आणि तिने आमचा सल्ला शिरोधार्य मानून “द्याल ते” असे सांगितले होते. शेजारी कुणी आठवणीने एक आकडा सांगितला, तो जुन्या काळचा होता, आणि तोच पाकिटात गेला. अन्याय करायला नेहमी दुष्ट माणसे लागतात असे नाही. एक अस्पष्ट शब्द आणि त्यामागची एक धार्मिक समजूत एवढेही पुरते, आणि इथे ती समजूत आमची होती.

हे काम प्रत्यक्षात काय असते, हे ज्यांच्या घरात असा रुग्ण झाला नाही त्यांना ठाऊक नसते. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडापाशी जखमा होतात. तोंड कोरडे पडते, ते ओल्या कापसाने पुसत राहावे लागते. नाकातल्या नळीतून अन्न द्यायचे ते डोके उंच ठेवून, नाहीतर ते श्वासात जाते. मॉर्फिनची गोळी वेदना उठल्यावर द्यायची नसते; घड्याळ लावून, वेदना उठण्याआधीच ती द्यायची असते. लघवीची पिशवी, कपडे, चादरी. रात्री दोनच्या सुमारास रुग्ण आपल्या मेलेल्या आईला हाका मारू लागतो, तेव्हा त्याचा हात धरून बसायचे. घरचे लोक दमून झोपलेले असतात. श्वासाची लय कधी बदलली हे पहिल्याने तिलाच कळते. धर्मगुरूला बोलवा, असे सांगणारीही पुष्कळदा तीच असते. रुग्णाभ्यंगासाठी आम्ही अपरात्री ज्या घरी गेलो, त्या घराचे दार बहुधा अशाच एखाद्या मावशीने उघडले आहे.

अशा शुश्रूषेला आज जगभर ‘हॉस्पिस’ या शब्दाने ओळखतात. सिसिली साँडर्स नावाची इंग्रज स्त्री आधी परिचारिका, मग इस्पितळातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाली. तिने १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. बरे करता येत नसले तरी करण्यासारखे पुष्कळ उरते, हे तिने वैद्यकशास्त्राला पटवले. आपल्याकडे वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर १९८६ साली डॉ. लुईस जोस डिसोझा यांच्या पुढाकाराने शांती आवेदना सदन उभे राहिले. भारतातले ते पहिले हॉस्पिस. तिथे रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत, आणि धर्मभगिनी जी शुश्रूषा करतात ती पाहून माणूस नि:शब्द होतो.

मात्र हेच उदाहरण आपण चुकीच्या ठिकाणी लावतो. धर्मभगिनीने वेतन घेतले नाही, तरी तिच्यामागे तिचा धर्मसंघ उभा असतो. डोक्यावर छप्पर असते, आजारपणात औषध मिळते, म्हातारपणी मठातल्याच कुणी तरुण भगिनी तिचीही कूस बदलतात. तिने निर्धनतेचे व्रत स्वेच्छेने घेतलेले आहे. घरोघरी जाणाऱ्या आमच्या या भगिनीने असे कोणतेही व्रत घेतलेले नाही. तिच्या दारिद्र्याला आपणच व्रताचे रूप देऊ पाहतो. व्रत हे ज्याचे त्याने घ्यायचे असते. दुसऱ्यावर लादलेल्या व्रताला वेगळे नाव आहे.

“पण फादर, सेवा का विकत मिळते?” असा प्रश्न आम्हांला अनेकांनी विचारला आहे. प्रश्न पोकळ नाही. मरणाऱ्या माणसाचा हात प्रेमाने धरण्याची किंमत कोण आणि कोणत्या नाण्यात करणार? ती होत नाही हे खरे आहे. परंतु ‘किंमत करता येत नाही’ या विधानातून ‘म्हणून काही देऊ नये’ किंवा ‘थोडेसे दिले तरी चालेल’ हा निष्कर्ष निघतोच कसा? आम्हां धर्मगुरूंचेच पाहा. मिस्सेला मोल नाही. तिचा व्यापार होऊ नये, व्यापाराचा भासही होऊ नये, अशी ख्रिस्तसभेच्या कायद्याची ताकीद आहे. तरीसुद्धा मिस्सेमागे द्यायचे दान ठरलेले असते, आणि ते प्रांतातील महागुरुस्वामी एकत्र बसून ठरवतात. सॅक्रिस्टीच्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकाशी आम्हांला घासाघीस करावी लागत नाही. आमचा आकडा आमच्या वतीने दुसऱ्यांनी सांगितलेला असतो, म्हणून आमची प्रतिष्ठा शाबूत राहते. तिला मात्र दर नव्या घराच्या उंबरठ्यावर एकटीने तोंड उघडावे लागते. ज्याचा दर बिशपांनी ठरवून दिला आहे, त्याने जिला दर नाही तिला “भाव कसला करायचा?” असे विचारावे, यातली विसंगती आमच्या लक्षात यायला फार दिवस लागले.

या सगळ्याचा विचार करताना चांगल्या शोमरोन्याचा दाखला आम्ही पुन्हा वाचला. संत लूकच्या शुभवर्तमानातला हा दहावा अध्याय आम्ही किती वेळा वाचला आणि त्यावर किती प्रवचने दिली, याची गणतीच नाही. यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट, लुटारू, पुढे निघून गेलेला याजक, लेवी, मग शोमरोनी, तेल आणि द्राक्षारस, गाढव, हे सारे सांगून आमचे प्रवचन संपत असे. पण दाखला तिथे संपत नाही. शोमरोनी त्या जखमीला उतारशाळेत नेतो, त्याची काळजी घेतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून उतारशाळेच्या रक्षकाच्या हातावर ठेवतो. याची शुश्रूषा कर, आणि अधिक काही खर्च झालाच तर परत येताना मी तो देईन, असे सांगून तो पुढे जातो.

त्या उतारशाळेच्या रक्षकावर आम्ही तीस वर्षांत एकदाही प्रवचन दिलेले नाही. वास्तविक शोमरोनी तिथे एकच रात्र होता. नंतरच्या साऱ्या रात्री त्या जखमीला पाणी पाजले असेल, पट्ट्या बदलल्या असतील, ते या निनावी माणसाने. पैसे घेऊन शुश्रूषा करणारी शुभवर्तमानातली ही व्यक्ती, आणि प्रभू येशूने तिला कमी लेखल्याचा एकही शब्द त्या दाखल्यात नाही. एक दिनार म्हणजे किती, हे संत मत्तयच्या विसाव्या अध्यायातून कळते: द्राक्षमळ्यातल्या मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे शोमरोन्याने दोन दिवसांची पुरी मजुरी आगाऊ दिली, आणि दुखणे किती लांबेल हे आपल्याला ठाऊक नाही हे ओळखून पुढच्या हिशेबाची हमीही दिली. देव तुझे भले करो, एवढेच बोलून तो निघाला नाही. त्याची दया तेलाने जितकी प्रकट झाली, तितकीच त्या दोन नाण्यांनीही झाली. लूकने त्या जागेसाठी वापरलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘सर्वांचा स्वीकार करणारे घर’ असा आहे. हॉस्पिसला याहून चांगले नाव मिळाले नसते.

मजुराचा रोज सूर्य मावळण्यापूर्वी द्यावा, कारण त्याचा जीव त्यावर टांगलेला असतो, असे अनुवादाच्या ग्रंथात सांगितले आहे. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो, असे याकोबाचे पत्र बजावते. मजुराची मजुरी बुडवणे हे पाप धर्मशिक्षणाच्या ग्रंथाने स्वर्गाकडे हाक मारणाऱ्या पापांत मोजले आहे. मनुष्यहत्या त्याच यादीत आहे. पाकीट महिन्याच्या मिस्सेपर्यंत थांबले, तेव्हा सूर्य किती वेळा मावळला होता?

आता न्याय्य वेतन म्हणजे किती, हा अवघड भाग. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. मालक आणि मजूर दोघांनी राजीखुशीने एक आकडा मान्य केला म्हणजे न्याय झाला, हे त्यांनी मान्य केले नाही. त्या कराराहून वडील असा एक नैसर्गिक न्याय आहे: काटकसरीने आणि सरळपणे राहणाऱ्या कामगाराचे पोट त्या वेतनात भरले पाहिजे. गरजेने किंवा आणखी वाईटाच्या भीतीने एखाद्याने कमी पैसे कबूल केले, तर ती त्याच्यावर झालेली जबरदस्ती होय. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या नव्या पोपनी ‘लिओ’ हेच नाव घेतले आणि त्यामागे या परिपत्रकाची आठवण असल्याचे सांगितले, तेव्हा आम्हांला आमच्या सॅक्रिस्टीचे दार आठवले. तिचे “द्याल ते” हे शब्द राजीखुशीचे होते काय? पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात राबलेले. त्यांनी १९८१ च्या आपल्या परिपत्रकात म्हटले की कामाचे मोल मुळात ते करणाऱ्या माणसावरून ठरते, कारण तो माणूस आहे. बेडपॅन धुणारा हात आणि शस्त्रक्रिया करणारा हात यांना सारखे पैसे मिळावेत, असा याचा अर्थ नाही. पण दोन्ही हात माणसाचे आहेत, आणि दोन्ही घरी चूल आहे, हे विसरून हिशेब करता येत नाही.

तर तो हिशेब एकदा मांडूच. समजा, एका बाईच्या घराला महिन्याला अठरा हजार रुपये लागतात. आपण सहज तिसाने भागतो आणि म्हणतो, दिवसाचे सहाशे झाले. इथेच चूक होते. या कामात रुग्ण जातो त्या दिवशी काम संपते. पूर्वसूचना नाही, नुकसानभरपाई नाही. पुढचे घर मिळेपर्यंत कधी आठ दिवस जातात, कधी महिना. वर्षाचे २,१६,००० रुपये लागत असतील आणि तिला प्रत्यक्षात २४० दिवस काम मिळत असेल, तर रोज ९०० रुपये पडतो. सहाशे आणि नऊशे यांच्यामधले तीनशे रुपये म्हणजे तिची हाव नव्हे. दोन मरणांच्या मधल्या दिवसांतली ती भाकरी आहे. त्यात अजून गाडीभाडे धरलेले नाही, वजन उचलून दुखावलेल्या कमरेचे औषध धरलेले नाही, म्हातारपण तर नाहीच. बारा तासांची ड्युटी आणि चोवीस तासांचे राहणे यांत फरक आहे, हेही आपण मानत नाही. ‘रात्री ती झोपतेच की,’ असे म्हणतो. दर दोन तासांनी उठून जी घेतली जाते, तिला झोप म्हणायचे असेल तर म्हणावे.

महाराष्ट्रात २००८ साली घरकामगारांसाठी कायदा झाला, पण त्याने कल्याण मंडळ दिले, मजुरीचा दर दिला नाही. ब्युरोमार्फत जाणाऱ्या बायकांना निदान एक आकडा ठरलेला असतो, त्यातून ब्युरोचे कमिशन जाते ही गोष्ट निराळी. स्वतंत्रपणे काम करणारीला आपला आकडा आपणच ठरवावा लागतो. म्हणून तिच्याही बाजूचा विवेक तपासला पाहिजे, आणि तो तपासला नाही तर हा लेख एकांगी होईल.

मरण दारात आलेले कुटुंब भेदरलेले असते. त्या क्षणी कोणताही आकडा सांगितला तरी ते हो म्हणते. या भीतीचा फायदा घेणारेही आम्ही पाहिले आहेत. रुग्ण अत्यवस्थ झाल्यावर, ऐन मध्यरात्री, ‘उद्यापासून दुप्पट, नाहीतर मी चालले’ असे म्हटल्याचे एक उदाहरण आम्हांला माहीत आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीच्या न्यायाचा विचार करताना एक बारीक भेद केला आहे. एखादी वस्तू देताना देणाऱ्याचे खरोखर नुकसान होत असेल, तर ते नुकसान त्याने किमतीत धरावे. पण घेणाऱ्याची गरज मोठी आहे, एवढ्याच कारणाने किंमत वाढवू नये. कारण ती गरज देणाऱ्याच्या मालकीची नाही, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. आमच्या मते या प्रश्नाची किल्ली इथे आहे. आपली गेलेली झोप, घरी एकटी राहिलेली मुले, दुखरी कंबर, कामाविना जाणारे दिवस हे सारे तिचे आहे, त्याचा तिने संकोच न करता हिशेब मांडावा. रुग्णाची वेदना आणि मुलांची भीती तिची नाही. त्यांवर तिने एक पैसा आकारू नये. दर कामाच्या पहिल्या दिवशी, रुग्ण शांत असताना सांगावा, आणि तो शेवटपर्यंत तोच राहावा.

आणि गरीब घर असेल तर? तिने कमी घ्यावे की नाही? घ्यावे असे तिला वाटले तर जरूर घ्यावे. पण ते तिचे दान असेल, आणि दान देणाऱ्याला आपण किती देत आहोत हे माहीत असले पाहिजे. द्राक्षमळ्याच्या धन्याने अकराव्या तासाला आलेल्यांना पुरा दिनार दिला तो स्वतःच्या थैलीतून. पहिल्या मजुरांचा रोज कापून नव्हे. आपण मात्र तिच्या थैलीतून उदार होतो. ऐपत नसलेल्या घरांसाठी विन्सेंट दि पॉल सोसायटीसारख्या धर्मग्रामातल्या संघटनांनी दरातला फरक भरून द्यावा, असे आम्ही आता सुचवतो. जेवणावळी आणि सजावटी यांवरचा खर्च पाहता पैसा नाही असे कुणी म्हणू नये.

त्याच दाखल्यावरून आणखी एक सुचते. कधी कधी तिला सायंकाळी बोलावतात आणि मध्यरात्रीच रुग्ण जातो. मग ‘तीनच तास झाले’ असा हिशेब होतो. अकराव्या तासाच्या मजुराचा दाखला ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हा हिशेब शोभत नाही.

गोव्या-मंगळुरूकडच्या कितीतरी भगिनी वृद्धांच्या शुश्रूषेसाठी इस्रायलला गेल्या आहेत. आपल्या नात्यातली कुणी जायला निघाली की आपण किती बारकाईने चौकशी करतो: पगार किती, सुट्टी कोणत्या वारी, राहायला वेगळी खोली आहे ना, मिस्सेला जाऊ देतात ना? हेच प्रश्न आपल्या दारात उभ्या असलेल्या बाईने विचारले की ती आगाऊ ठरते. मिस्सेचे तर सांगूच नये. रविवारी सकाळी सारे कुटुंब चर्चमध्ये येते ते ती घरी रुग्णापाशी बसलेली असते म्हणून. तिचा रविवार कुठे गेला, हे आमच्यासकट कुणी विचारलेले नाही. घरातल्या एकाने सायंकाळी दोन तास उशाशी बसावे आणि तिला मिस्सेला धाडावे. रुग्णालाही आपल्या माणसाचा सहवास मिळेल.

गेल्या उपवासकाळात ती भगिनी पुन्हा आमच्याकडे आली. या वेळी सल्ला मागायला नव्हे. तिने मुलाच्या वहीतले एक पान पुढे केले. नव्या घरी द्यायचे होते, “शुद्धलेखन बघा, फादर,” म्हणाली. निळ्या शाईत नीट लिहिले होते: बारा तासांचे इतके, चोवीस तासांचे इतके. आठवड्याला एक दिवस सुट्टी, शक्यतो रविवार. पैसे दर शनिवारी. रुग्ण गेल्यास त्या दिवसाचा पूर्ण रोज आणि पुढचे दोन दिवस. औषधांचा आणि सामानाचा खर्च घरच्यांचा. घर अडचणीत असल्यास आधी सांगावे, मार्ग काढू. आम्ही दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. सगळ्यांत खाली पेन्सिलीने एक ओळ होती, बहुधा मागाहून सुचलेली: शेवटची आंघोळ घालून कपडे चढवण्याचे पैसे नाहीत.

आम्ही विचारले, “हे का गं? हेही कामच आहे.”

“ते माझं, फादर,” ती म्हणाली, आणि पानाची घडी घालून तिने ती पर्समध्ये ठेवली. तिला सहाची लोकल पकडायची होती.